वजनकाट्यावरच्या माणसाचं डिझेल-पेट्रोल

१६ मार्च

निवृत्तीच्या दिवशी खात्याने ही वही दिली होती. अडीच महिने कोरी पडली होती, आज तिचा श्रीगणेशा करतो. चौतीस वर्षं महामार्गाच्या वजनकाट्यावर बसून मी दुसऱ्यांच्या ट्रकांची वजनं लिहिली. एका पाउंडाचीही सूट कुणाला दिली नाही. आता स्वतःबद्दल लिहायला हरकत नाही.

आज इथल्या फिनिश लोकांच्या उर्होबाबाचा सण. हा संत त्यांनी स्वतःच बनवलाय. त्याने म्हणे द्राक्षांच्या मळ्यातले टोळ हाकलले. माझी बायको आयली माहेरची फिनिश, त्यामुळे आमच्या घरी जांभळं-हिरवं नेसून वाटाण्याचं सूप पिणं चुकत नाही. तिचा भाऊ टोइवो जेवायला आला होता. सूप वाढता वाढता आयली म्हणाली, "नऊ सप्टेंबरला मी पासष्टची होते. त्या दिवशी मी समुद्रात पाय बुडवून उभी असणार. आपल्या स्वतःच्या कॅम्परमधून जाऊन. तू बरोबर असलास तर आनंदच आहे, वेंडेल."

"असलास तर" ऐकून टोइवो इतका हसला की सूप टायवर सांडलं.

आयलीने अजून समुद्र पाहिलेला नाही. तिचे आईवडील बोटीने आले आणि जन्मभर समुद्राच्याच गोष्टी सांगत राहिले. आले ते थेट आयडाहोशेजारच्या या ब्यूट गावात, चहूबाजूंनी डोंगर आणि खाणींचे मनोरे. नऊ वर्षांपूर्वी समुद्रावर जायचं म्हणूनच आम्ही ते चाकांवरचं घर घेतलं. ते अंगणात लायलॅकच्या झुडपाशेजारी उभं आहे. एका वर्षी आमच्या जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स गेला, एका वर्षी घाटात रस्त्याचं काम निघालं, एका वर्षी टायर. दर वर्षी काहीतरी सबळ कारण होतं.

आता ओढायला नवा पिकअप हवा. आमचं गॅरेज १९१९ सालचं, त्यात मोठा पिकअप शिरत नाही, तेव्हा मधल्या आकाराचाच घ्यायचा हे ठरलेलं आहे. प्रश्न एकच उरतो: इंजिन डिझेलचं की पेट्रोलचं? हा प्रश्न घाईने सोडवण्यासारखा नाही. हाताशी जवळजवळ सहा महिने आहेत.

२२ मार्च

स्वयंपाकघरात आज युद्ध झालं. एका बाजूला टोइवो, ज्याने तीस वर्षं डिझेलवर जंगलातली लाकडं ओढली. दुसऱ्या बाजूला शेजारच्या डोलोरेसबाई, वय बहात्तर, ज्या अजूनही पेट्रोलच्या पिकअपने दोन घोडे घेऊन जत्रा-जत्रांतून शर्यती करतात. मी मध्ये, कागद-पेन्सिल घेऊन.

टोइवो म्हणाला, "डिझेल खाली मान घालून ओढतं. चढ आला, की तुझं पेट्रोल आधी बोंब ठोकतं आणि मग विचार करतं."

"आणि जानेवारीत तुझं डिझेल टाकीतच गोठतं, तेव्हा बोंब कोण ठोकतं?" डोलोरेसबाई म्हणाल्या. "माझ्या दारात कोण आलं होतं रे केस वाळवायचं यंत्र मागायला? तुझ्या डोक्यावर तर केस नाहीत."

"ते इंजिनासाठी होतं!"

"तेच सांगतेय. माझं इंजिन माझी यंत्रं मागत नाही."

हे असं दोन तास. मी नोंद केली: डिझेलची ओढ जास्त, उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं, तेल कमी पितं; पेट्रोलचं स्वस्तात मिळतं, थंडीत नखरे नाहीत, दुरुस्ती कुठेही होते. आयलीला विचारलं, तर म्हणाली, "जे ओढेल ते घे." मग डोलोरेसबाईंच्या कानात काहीतरी कुजबुजली. घोड्यांविषयी असावं. आयलीला अलीकडे घोड्यांची भलतीच आवड लागली आहे.

२९ मार्च

आजचा प्रसंग लिहावा की लिहू नये यावर सकाळ गेली. लिहितो, कारण गावात तो तसाही सगळ्यांना माहीत आहे.

काल हिमवर्षाव झाला म्हणून टोइवोने त्याचा डिझेल पिकअप आमच्याच दारात ठेवला. पारा शून्याच्या आठ अंश खाली. अशा थंडीत डिझेलचं इंजिन रात्रभर विजेवर ऊबदार ठेवावं लागतं. गाडीच्या नाकातून एक वायर निघते, ती घराच्या प्लगमध्ये खोचायची. इथे ज्याच्याकडे डिझेल आहे तो प्रत्येक जण हे करतो, आणि आयुष्यात एकदा तरी ती वायर काढायला विसरतो. टोइवोच्या मते हा डिझेलवाल्यांचा बाप्तिस्मा.

सकाळी बर्फ सारायचं यंत्र आलं. टोइवो अंघोळीला गेला होता, त्याने आतून ओरडून सांगितलं, गाडी दोन गल्ल्या वर लावून ये. मी गेलो. वाटेत पोस्टमन हात हलवत होता, मीही हलवला. बेकरीची बाई दोन्ही हात हलवत होती, मी टोपी काढली. शाळेपाशी सगळा गाव आज किती आपुलकीने वागतोय असं मनात आलं. थांबल्यावर मागे वळून पाहिलं, तर चाळीस फूट केशरी वायर, तिच्या टोकाला आमच्या ओसरीचा प्लग, आणि प्लगला चिकटलेली ओसरीची फळी.

आयली फळी परत ठोकताना फक्त म्हणाली, "निदान काहीतरी ओढलंस की."

डिझेलचे दोन गुण कापले.

५ एप्रिल

आज कॅम्परचं वजन केलं. भांडी, गाद्या, कपडे, बिडाचा तवा, सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर. मूळ वजन दाराच्या पाटीवर आहेच. एकूण चार हजार आठशे साठ पाउंड. दोन्ही इंजिनं सात हजारांच्या वर ओढतात, म्हणजे दोन्ही चालतील. हे उत्तर मला अगदीच अपुरं वाटतं.

पिकअपला अडकवायच्या पुढच्या आकड्यावर किती भार पडतो तेही महत्त्वाचं. कमी पडला तर रस्त्यावर कॅम्पर शेपूट हलवायला लागतो. त्यासाठी बाथरूममधला वजनकाटा, एक फळी आणि दोन विटा अशी मांडणी केली. मोजणी उत्तम झाली. काट्याची सुई मात्र परत आली नाही. आता त्यावर माझं वजन सहाशे बारा भरतं.

"आता तरी मांसाच्या पेस्टीवरची ग्रेव्ही कमी कर," आयली म्हणाली.

टोइवो म्हणाला, "एवढा खटाटोप कशाला? माझ्या गाडीला जोड, तुझ्या जुन्या काट्यावर नेऊ, पाच मिनिटांत वजन कळेल. तू चालव."

मी सांगितलं, गरज नाही. माझं गणित काट्यापेक्षा अचूक आहे.

१९ एप्रिल

आज मी घाबरलो. सरळच लिहितो.

दुपारी स्वयंपाकघरात गेलो, तर आयली टेबलाशी एकटी बसली होती. समोर काड्यापेटी, तिला दातकोरणीने जोडलेला लोण्याचा डबा. ती काड्यापेटी मागे ढकलत होती आणि डबा साखरेची दोन भांडी ठेवली होती त्यांच्या मधोमध घालायचा प्रयत्न करत होती. तोंडाने पुटपुटत होती, "खालून धर... जिकडे न्यायचंय तिकडे हात... थोडं, थोडं... आता पाठोपाठ जा." डबा आत गेला तशी टाळी वाजवली आणि मग मला पाहिलं.

"भूक लागली का?" तिने विचारलं आणि काड्यापेटी खिशात घातली.

तिची मावशी हिल्या. तिचंही असंच सुरू झालं होतं. आधी गोष्टी मांडून बसायची, मग नावं विसरली. चाळीस वर्षांत मी आयलीला कधी सांगितलं नाही, की ती नसेल तर मला मोजे कुठे असतात तेही कळणार नाही. आज मीच भांडी घासली. ती माझ्याकडे संशयाने बघत राहिली.

३ मे

आयली मंगळवारी आणि शुक्रवारी डोलोरेसबाईंकडे घोड्यांना मदत करायला जाते. मोकळी हवा, प्राण्यांची संगत, मेंदूला बरंच असेल. मी आग्रहच केला, की अजून एक दिवस जात जा. ती लगेच हो म्हणाली. काल आली तेव्हा हाताला वंगण होतं. घोड्यांना वंगण कशाला लागतं ते विचारणार होतो, पण मुद्दाम प्रश्न विचारून तिला गोंधळात पाडू नये.

डिझेल एकतीस गुण, पेट्रोल एकतीस. निकषांची संख्या बावीसवरून चाळीसवर न्यावी लागेल.

१४ जून

प्रत्यक्ष चाचणी! विक्रेत्याने एकाच कंपनीचे दोन पिकअप दिवसभरासाठी दिले. पांढरा पेट्रोलचा, करडा डिझेलचा. दोन्ही जुने पण धडधाकट. आमचा कॅम्पर जोडून गावाबाहेरचा घाट आधी एकाने चढायचा-उतरायचा, मग दुसऱ्याने. पेट्रोल डोलोरेसबाई चालवणार, डिझेल टोइवो. मी शेजारी आकडे टिपायला. आयली मागच्या सीटवर, बरोबर सँडविचं.

कॅम्पर नऊ वर्षांनी जागचा हलला. खालून उंदरांचं एक कुटुंब लायलॅककडे स्थलांतरित झालं.

पेट्रोल: घाटाच्या मध्यावर इंजिन असं ओरडायला लागलं, की बोलणं थांबवावं लागलं. आमच्या उंचीवर हवा विरळ, बिचाऱ्याचा दम तिथेच अर्धा होतो. पण चढलं. डोलोरेसबाई स्टिअरिंगवर ताल धरून गात होत्या.

डिझेल: त्याच चढावर टोइवोने मला त्याच्या पहिल्या लग्नाची सगळी गोष्ट सांगितली, आवाज न चढवता. उतारावर त्याने पाय ब्रेकवरून काढून घेतला आणि इंजिनानेच गाडी धरून ठेवली. हे मला फार आवडलं. गाडीने आपल्याला धरून ठेवावं, यापेक्षा माणसाला काय हवं.

माथ्यावर टोइवो म्हणाला, "उतर खाली. इथून तू घे."

"आकडे कोण लिहिणार?"

"मी लिहिते की," आयली मागून म्हणाली.

"तुझा चार नऊसारखा दिसतो," मी म्हणालो. खरं म्हणजे दिसत नाही. आयली बाहेर बघत बसली. तिचा डावा हात कोपरापर्यंत ऊन लागून लाल झालाय, उजवा हात मात्र गोरापान. घोड्यांना खरारा करताना माणूस एकाच बाजूला उभा राहत असेल.

६ जुलै

पेस्टीच्या, म्हणजे मांस भरलेल्या करंज्यांच्या, दुकानात रांगेत उभा होतो. मागून खांद्यावर थाप पडली. "काय साहेब! आज कुणाचा संडास पाडला?"

गस लिंडबर्ग. तोच. बावीस वर्षं झाली, पण माणूस विसरत नाही.

लिहून टाकतो एकदाचं. त्या उन्हाळ्यात टोइवोचा कॅम्पर उसना घेऊन आयलीला तळ्यावर नेलं होतं. जाताना सगळं ठीक, कारण पुढे जाणं कुणालाही जमतं. कॅम्पर मागे घेऊन दोन झाडांच्या मध्ये लावायचा, तिथे खरी परीक्षा. स्टिअरिंग डावीकडे फिरवा, तर कॅम्पर उजवीकडे जातो. आणि या देशात कुणी कॅम्पर मागे घ्यायला लागलं, की सगळा तळ आपापल्या घडीच्या खुर्च्या बाहेर काढतो, बिअर उघडतो आणि बघत बसतो. आयली मागे उभी राहून हातांनी खुणा करत होती, मी तिच्यावर ओरडत होतो. चाळीस मिनिटं. शेवटी मी लाकडी संडासाला धडक दिली, तो तिरपा झाला, आणि आतून विजार सावरत गस बाहेर आला. त्याच्याच ट्रकला मी आदल्या आठवड्यात तीनशे पाउंड जास्त म्हणून दंड केला होता. त्याने सगळ्यांसमोर माझ्याकडे बघून विचारलं, "साहेब, हे भरल्याचं वजन धरलं होतंत की रिकाम्याचं?"

खुर्च्यांवरची माणसं अजून हसत असतील. आम्ही त्याच संध्याकाळी परत आलो. मी आयलीची माफी मागितली नाही, कारण खुणा चुकीच्या होत्या असं मी वाटेत ठरवलं होतं. खुणा बरोबर होत्या.

याचा इंजिनाच्या निवडीशी संबंध नाही. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

२ ऑगस्ट

निर्णय झाला!

विक्रेत्याकडे गेलो होतो. माझा चाळीस निकषांचा तक्ता त्याने शांतपणे पाहिला आणि एकच प्रश्न विचारला: "वर्षातून किती मैल ओढता?"

कुणीच मला हा प्रश्न विचारला नव्हता. मी प्रामाणिक माणूस आहे. हिशोब केला. नऊ वर्षांत घाटातल्या चाचणीचे बावीस मैल, तेही मी चालवलेले नाहीत.

"मग डिझेल घेऊ नका," तो म्हणाला. "या इंजिनात धुराची काजळी अडवणारी जाळी असते. लांब पल्ल्याला गाडी तापली, की ती काजळी आपोआप जळून जाते. पण नुसतं दुकान ते घर केलं, की जाळी तुंबते आणि इंजिन आजारी पडतं. घरी बसणाऱ्याला पेट्रोल बरं."

इतकं सोपं होतं! संध्याकाळी आयलीला सगळं समजावून सांगितलं. "आपण जातो कुठे? दुकान, चर्च, डोलोरेसबाई. पेट्रोलच बरोबर. आणि एवढ्यासाठी तर जुनी मोटारही पुरते. तेव्हा या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी निवांत बघू."

आयलीने ऐकून घेतलं. "दुकान, चर्च, डोलोरेस," ती हळूच म्हणाली आणि अंगणात जाऊन कॅम्परच्या पायरीवर बसली. तिला पटलं असावं. माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं.

३ ऑगस्ट

उतरलेलं नाही. रात्रीचं जेवण झाल्यावर ती परत पायरीवर जाऊन बसली.

९ ऑगस्ट

दुपारी गल्लीत गाडीचा आवाज आला, तो आमच्या दारात थांबला. करडा डिझेल. स्टिअरिंगवर आयली, शेजारी डोलोरेसबाई, दोघींच्या तोंडात पिपरमिंट.

मी ओसरीवर उभा राहून बघत होतो. आयलीने आरसे नीट केले, एक हात स्टिअरिंगच्या तळाशी धरला, आणि १९१९ सालच्या त्या चिंचोळ्या गॅरेजमध्ये पिकअप उलटा असा सरकवला, जसा लोण्याचा डबा साखरेच्या दोन भांड्यांमध्ये सरकवला होता.

लोण्याचा डबा. वंगण. इथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून खिडकीबाहेर राहणारा डावा हात.

"तू बरी आहेस तर!" माझ्या तोंडून निघालं.

"मला काय झालं होतं?"

सांगितलं नाही. डोळे पुसायला आत जावं लागलं. बाहेर आलो तेव्हा डोलोरेसबाई निघत होत्या. "शाळेच्या मैदानावर तीन महिने, घोड्यांचा ट्रेलर लावून," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला दोन गोलपोस्ट पाडले. आता घोडे झोपलेले असतात आणि त्यांना पत्ता लागत नाही. पेट्रोलच घे म्हणून मी घसा कोरडा केला, ऐकेल तर शपथ!"

त्या गेल्यावर मी म्हणालो, "पण डिझेल का? ठरलं होतं ना! त्या माणसाने तुला जाळीचं सांगितलं नाही?"

"सांगितलं की. हे इंजिन घरी बसलं की आजारी पडतं म्हणाला."

"मग?"

"मग म्हणूनच घेतलं. घरी बसणारं एक आहे माझ्याकडे, वेंडेल. दुसरं नको." तिने किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. आवाज चढवलेला नव्हता. "शाळेच्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांची पोरं जेवू घातली, त्या पेन्शनीतून आणलंय. चार सप्टेंबरला सकाळी सहाला मी निघणार. तुझी जागा उजवीकडे."

४ सप्टेंबर

सहा वाजता मी उजवीकडे बसलो होतो. पावणेसहालाच, खरं तर.

टोइवो निरोप द्यायला आला होता. त्याने आधी खाली वाकून गाडीच्या नाकातली वायर तपासली आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी लक्ष दिलं नाही. हातात नकाशा, तक्ता आणि सँडविचं होती.

आयडाहोच्या हद्दीवरच्या मोठ्या घाटात उतार लागला तेव्हा मी दोन्ही पाय खाली रोवले. आयली म्हणाली, "तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये." तिने इंजिन-ब्रेकचं बटण दाबलं, इंजिनाने खर्जात हुंकार दिला आणि आमचं चार हजार आठशे साठ पाउंडाचं घर आमच्यामागून शहाण्यासारखं उतरलं. एक मालट्रक बाजूने गेला, चालकाने तिला दोन बोटं उचलून सलाम केला. तिनेही केला. हे ती कुठे शिकली?

७ सप्टेंबर, ओरेगॉन

पोहोचलो. समुद्र अजून पाहिलेला नाही, फक्त ऐकू येतोय, टेकाडापलीकडून. आयली म्हणाली, आधी कॅम्पर लावू, मग नऊ तारखेलाच पाय बुडवू, ठरल्याप्रमाणे. अशी बाई आहे.

जागा दोन झाडांच्या मध्ये. आणि खुर्च्या आल्याच. मी मोजल्या: अकरा. दोन कुत्री वेगळी.

"उतर आणि मागे उभा राहा," आयली म्हणाली. "मला आरशात तू दिसला पाहिजेस. खुणा नाही केल्यास तरी चालेल. पण दिसेनासा झालास, की मी थांबणार."

मी उतरलो. अकरा खुर्च्यांमधल्या एकाने बिअर उघडली. तो आवाज ऐकला आणि माझे पाय आपोआप झाडामागे गेले. खोटं लिहून काय उपयोग, मी लपलो. पासष्टी उलटलेला माणूस, झाडामागे.

गाडी थांबली. मी बघितलं, सगळे बघत होते. इंजिन चालू, आयली हलेना. एक मिनिट झालं असेल. हॉर्न नाही, ओरडणं नाही. ती नुसती आरशात बघत बसली होती, मी नव्हतो तिथे.

मी झाडामागून बाहेर आलो. त्याबरोबर गाडी हलली. मी उजवा हात वर केला, तिने तिकडे घेतलं. मी तळवा दाखवला, ती थांबली. एका फेरीत कॅम्पर झाडांच्या मधोमध बसला. एका खुर्चीतून टाळ्या वाजल्या, मग सगळ्यांतून.

आयली खाली उतरली. मी म्हणालो, "तळ्यावर तुझ्या खुणा बरोबर होत्या."

"माहीत आहे," ती म्हणाली. "बावीस वर्षं माहीत आहे."

"मला भीती वाटायची. अजून वाटते."

"तेही माहीत आहे. इंजिनाचा तक्ता चाळीस रकान्यांचा झाला तेव्हाच कळलं."

९ सप्टेंबर

आयली आज पासष्टची झाली. सकाळी सात वाजता विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात गेली. लाट आली तेव्हा तिने तिच्या आईला हाक मारली, फिनिशमध्ये. मला तेवढा एक शब्द कळतो. मी तिचे बूट धरून उभा होतो. पाणी भयंकर गार होतं, ती बराच वेळ बाहेर आली नाही, आणि मला तिला बोलवावंसं वाटलं नाही.

१७ सप्टेंबर

दहा दिवस राहिलो. कॅम्पर तिथेच, पिकअप मोकळा सोडून रोज खेकडे आणायला दोन मैल जायचं आणि यायचं. आज निघायच्या तयारीत आयलीने गाडी सुरू केली, तर समोर पिवळा दिवा लागला. मी लगेच गाडीचं माहितीपुस्तक काढलं.

"बघ! सांगितलं होतं ना. जाळी तुंबली. छोट्या-छोट्या फेऱ्यांनी."

"पुस्तकात काय लिहिलंय? काय करायचं?"

मी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "न थांबता चालवत राहा."

आयली खाली उतरली, पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आली आणि दार उघडून उभी राहिली. "मग चालव."

घर पूर्वेला आहे. समुद्राकाठचा रस्ता दक्षिणेला जातो. मी डावीकडच्या सीटवर बसलो, आरसे माझ्यासाठी नीट केले, आणि घराकडचं वळण आलं तेव्हा वळलो नाही. पुढे मोठे चढ आले, मोठे उतार आले, गाडीने धरून ठेवलं. पहिले वीस मैल मी स्टिअरिंग घट्ट धरून होतो, मग विसरलो.

दोनशे दहा मैल झाले, आता कॅलिफोर्नियाची हद्द जवळ आहे. पिवळा दिवा खरं तर तीस मैलांतच विझला होता. मी ते आयलीला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. समुद्र दिवसभर तिच्याच खिडकीत होता, तरी ती सारखी माझ्या बाजूला वाकून काय बघत होती, कोण जाणे.